झोपाळ्यावर, पाळण्यावर नव्हे

सुलभा झोपाळ्यावर गेली. पाळण्यावर नाही. श्रद्धांजलीच्या लेखाची सुरुवात अशी करावी लागते याचीच मला आधी चीड येते, पण करते, कारण तिला जाऊन काही आठवडे झाले तरी कट्टा गावच्या बाजारापासून मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत जो तो उलटंच सांगत सुटला आहे. ती तिच्या घरच्या पडवीत, रोजच्या झोपाळ्यावर ओले काजू सोलत बसली होती. मांडीवर ताट होतं आणि चिकाने हात भाजू नयेत म्हणून बोटांना खोबरेल चोळलेलं. तिची सून रुपाली आत चहा गाळत होती. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक चिऱ्याचा गडगा आहे, त्याच्या अलीकडे मी कपडे वाळत घालत होते. रुपाली ओरडली, "फिलूमावशी, धावा! आईक बघा, कशी करता ती!" या वयात मी तो गडगा कसा ओलांडला ते माझं मलाच ठाऊक नाही. सुलभाची मान झोपाळ्याच्या कडीवर टेकली होती. ताटातला एक गरही खाली सांडलेला नव्हता. कट्ट्याहून डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि हृदय बंद पडलं म्हणाले. झालं ते एवढंच.

आता ते पाळण्याचं. आमच्या वाडीत मोबाइलची रेंज आली तर आली, नाहीतर देवाला हात जोडायचे. रुपालीने अंगणात फणसाखाली जाऊन मुंबईला फोन लावला, सुलभाच्या नणंदेला, शालनला. मी तिच्या शेजारी उभी होते. पोर रडत होती, आवाज तुटत होता, तरी ती स्वच्छ बोलली, "आत्या, आई गेली! झोपाळ्यार बसल्ली, थंयच गेली!" वाटेत त्या 'झो'चं काय झालं कोण जाणे! शालनला ऐकू आलं 'पाळण्यार'. आणि यंदाच्या शिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेत सुलभा आकाशपाळण्यात बसली होती, त्याचा फोटो रुपालीने हौसेने घरच्या ग्रुपवर टाकला होता. मग काय, उतावळ्या नवऱ्याला बाशिंगच मिळालं! संध्याकाळी पाहुणे उतरले ते तोंडात वाक्य घेऊनच उतरले, "सुनेन सासूक पाळण्यात बसवल्यान आणि मारल्यान."

मी सांगितलं, अगो, झोपाळा! हा बघा, हा, पडवीतला! तर अफवेने नुसती कूस बदलली. आता म्हणायला लागले, "तेव्हाचो धक्को काळजात रवलो हुतो, तो आता बाहेर इलो." घ्या! शिवरात्रीचा धक्का काजू सोलताना बाहेर येतो, हे वैद्यकशास्त्र आमच्याकडे प्रत्येक घराच्या खळ्यात शिकवतात. डॉक्टर स्वतः म्हणाले की पाळण्याचा याच्याशी काही संबंध नाही, ती त्यांना विचारूनच बसायची. पण डॉक्टरचं ऐकणार कोण? डॉक्टर काही नात्यातले नाहीत.

मी जन्माने ख्रिस्ती, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. सुलभा लग्न होऊन शेजारी आली तेव्हापासून आमच्या वाट्याला दोन धर्मांच्या जत्रा होत्या. आमच्या चर्चच्या फेस्ताला ती यायची, तिच्या जत्रांना मी जायचे. पण जायचं म्हणजे काय? तिचे यजमान भला माणूस, पण त्यांचं एक ठरलेलं होतं, "बायलमाणसांनी पाळण्यात बसूचा नसता." ते पोराला, महेशला, घेऊन वर जायचे आणि आम्ही दोघी खाली. पुरुषांच्या आणि पोरांच्या चपला, नारळाची पिशवी, गुळाच्या खाजाचा पुडा सांभाळत. पाळणा वर गेला की आमच्याही माना वर, खाली आला की खाली. यजमान गेले, महेश नोकरीला मस्कतला गेला, तरी सुलभा जत्रेत गेली की पाळण्याखाली जाऊन उभी राहायची, सवयीने. तिला कुणी चपला दिलेल्या नसायच्या तरी.

मग रुपाली आली, वालावलची मुलगी, बोलायला फटकळ. लग्नानंतरच्या पहिल्याच शिवरात्रीला तिने सासूला विचारलं, "आई, तुमी हंय कित्याक उभ्या? कोणाची वाट बघतास?" रुपालीने तिचा हात धरला, दुसऱ्या हाताने माझा, आणि आम्हाला तिकिटाच्या रांगेत उभं केलं. मी डोळे मिटून जपमाळ म्हणत होते. सुलभाने मात्र डोळे एकदासुद्धा मिटले नाहीत. पाळणा अगदी वर जाऊन थांबला, खाली देऊळ, पलीकडे सगळा समुद्र... आणि ही बाई एकदम चिडली. लटकी नव्हे हो, खरोखर चिडली! मला म्हणाली, "फिलू, इतकी वर्सां आपण खाली चपला राखत बसलंव गो! आणि ह्यां सगळां हंय वर हुतां!" आणि मग हसायला लागली, ती उतरेपर्यंत हसत होती. खाली आल्यावर परत रांगेत.

त्यानंतर तिला कोण अडवणार? टोराटोरा झालं, ड्रॅगनची गाडी झाली, ती इकडून तिकडे झोके घेणारी मोठी नाव झाली. नावेतून उतरून ती माडाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पोटातला सगळा जाग्यार आसा मां गो, बघ वायच." बचत गटाच्या बायकांबरोबर आम्ही एकदा पुण्याच्या वाटेवरच्या त्या मोठ्या पार्कातही गेलो. पाण्याच्या उंच घसरगुंडीपाशी युनिफॉर्मातला मुलगा अदबीने म्हणाला, "आजी, तुम्ही नको, घसराल." सुलभा सरकारी कचेरीत गेल्यासारखी एकदम शुद्ध मराठीत आली, "अहो साहेब, घसरण्यासाठीच बांधली आहे ना ही? मी जन्मभर शेताच्या बांधावरून फुकट घसरले आहे. आज तिकीट काढून घसरणार." आणि घसरली. साडी कंबरेला खोचून, ओरडत. खाली पाण्यात बसून तिने वर बघून मला हात केला, "ये गो, भियां नको!" मी गेले नाही, पण ते जाऊ दे.

खाण्याचंही तसंच. पावसाळ्यात कुडाळला रानभाज्यांचा महोत्सव भरला की आम्ही पहिल्या दिवशी हजर. टाकळा, फोडशी, कुर्डू, सगळं आमच्या परड्यात पायाखाली येणारं. मी म्हणायचे, यासाठी एसटीने जायचं? तर ती म्हणायची, "भाजी आपलीच, पण दुसऱ्यान रांधलेली! आपण नुसता खावचा, टोप घासूचो नाय. तेतूरच मजा आसा." जन्मभर लोकांना वाढून उरलेलं खाणाऱ्या या बाईचा हे वाक्य म्हणतानाचा चेहरा बघायला हवा होता. आणि फुकटची तारीफ करणारी ती नव्हे. थंडीत मालवणच्या खाद्य महोत्सवात एका स्टॉलवरची गुलाबी सोलकढी तिने एक घोट घेऊन परत ठेवली, "झिला, ह्यात कोकम खंय आसा? नुसतो रंग घातलंस." पोरगा ओशाळला. तिने त्याच्याच टेबलापाशी उभं राहून कोकमाचं आगळ किती आणि नारळाचा रस किती ते सांगितलं, आणि मग त्याच्याकडचे घावणे दोनदा मागून खाल्ले.

ही सुलभा. आणि कट्ट्याच्या नाक्यावर तिच्या भावकीने बॅनर काय लावला? 'सोशिक, शांत, देवभोळी माउली.' शांत! शिरा पडो त्या लिहिणाऱ्याच्या हातावर! फोटो आधार कार्डावरचा, ज्यात ती पोलीस ठाण्यात बसवल्यासारखी दिसते. पाळण्यातला हसरा फोटो रुपालीने काढून दिला होता, तो नको म्हणाले. बरं दिसत नाही म्हणे. बाई साठी ओलांडून हसली की बरं दिसत नाही, मेली की बरं दिसतं.

बाराव्याला पंगती उठल्यावर मागच्या पडवीत शालन सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आमची वयनी साधी हुती. हेनी तिका नको ती थेरां शिकवल्यानी." रुपाली तिथेच उष्टी काढत होती. तिने मान वर केली नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शालन, इतकी वर्सां तुझी वयनी चपला राखी हुती, तेव्हा तुका तिची दया इली नाय. तिका एकदा कोणी वर न्हेल्यान, तर तुझ्या पोटात दुखाक लागला?" ख्रिस्ताव बाई आमच्या घरच्या बाराव्याला बोलते म्हणजे काय, असे सगळ्यांचे चेहरे. महेश दारात उभा होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी तो मस्कतहून पोचला तो आत्याचं ऐकूनच पोचला होता, आणि आल्यापासून बायकोशी अक्षर बोलला नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं, आता तरी तोंड उघडेल. "मावशी, जावंदे आता," एवढंच म्हणाला, आणि बाहेर गेला. दोन दिवसांनी परत मस्कतला गेला, रुपालीला न सांगता. बॅग घेऊन निघालेला तिने खिडकीतून पाहिला.

तेव्हापासून तो फोन मला करायचा. घराला कुलूप नीट आहे ना, पंपाचं बिल भरलं का. अरे मेल्या, त्या कुलपाच्या आत तुझी बायको आहे! मी त्याला झोपाळ्याचं सांगायला लागले की रेंज तरी जायची नाहीतर तो तरी जायचा. आणि रुपाली? ती फटकळ पोर वाळत चालली. एका दुपारी गडग्यापाशी येऊन म्हणाली, "मावशी, माका आता वाटाक लागलाहा, खराच मीच..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. पण मला त्या दिवशी भीती वाटली. सुलभा गेली ते गेली, पण ही माणसं मिळून हिलाही घालवणार, आणि वर हिचाही सोशिक म्हणून बॅनर लावणार.

गेल्या आठवड्यात कट्ट्याच्या मैदानावर बचत गटांचा आंबा-फणस महोत्सव होता. रुपाली येत नव्हती. "लोक काय म्हणतले?" म्हणाली. मी म्हटलं, "जां म्हणूचा तां म्हणान झाला. आता आणि काय उरलाहा तेंच्याकडे? चल." फणसाची सांदणं घेतली, तिने चाखलीसुद्धा नाहीत. मैदानाच्या टोकाला आकाशपाळणा लागला होता. मी दोन तिकिटं काढली आणि तिला पुढे घातलं. आमच्या वाडीतल्या बायका स्टॉलमागून बघत होत्या, कोपराने एकमेकींना ढोसत. बघा म्हटलं, पोटभर बघा.

पाळणा वर जाऊन थांबला, खाली माणसं भरत होते. माझे डोळे अर्थातच मिटलेले. उघडले तर रुपाली हातातल्या फोनकडे बघत होती. वाडीत कधी दिसत नाहीत तेवढ्या रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या. तिने महेशचा नंबर लावला. पलीकडून 'हॅलो' झालं आणि ही सुरू झाली, "बोला नको. आयका. आई झोपाळ्यार गेली. झो... पा... ळ्यार. आपल्या पडवीत. काजी सोली हुती. पाळण्यार ती नुसती हसली. माझ्या वांगडा हसली. माझ्यार रागवा, मी सोशीन नायतर सोसूचंय नाय, तां माझा मी बघीन. पण ती हसली तेचो गुन्हो करू नकात!" पाळणा खाली निघाला, फोन तुटला. मी तिचा हात धरला.

परत वर गेलो तर फोन वाजला. तिने तो कानाला न लावता समोरच धरला, त्यामुळे महेशचा आवाज मलाही ऐकू आला. "रुपा, गलको खूप येता गो... तू खंय आसस?"

रुपालीने खाली बघितलं. स्टॉलमागच्या बायका, बॅनरवाले, सगळे माना वर करून उभे होते.

"पाळण्यार," ती म्हणाली.

"काय?"

"पाळण्यार!" ती एवढ्या जोराने ओरडली की खालचा भोंगासुद्धा कुणीतरी बंद केला.

मग तो म्हणाला, "आयकलंय गो. आता आयकलंय."