गुरुजींची हलकी सायकल

आमच्या गल्लीचा हातपंप नेमका माझ्या ओट्यासमोर. त्यामुळं किस्से गोळा करायला मला कधी कुठं जावं लागलं नाही. घागर भरेपर्यंत एक किस्सा, बादली मोठी असली तर दोन! आता घरोघरी नळ आले, पण साठलेले किस्से काही आटत नाहीत. त्यातले निम्मे तरी शेजारच्या वाघमारे गुरुजींचे. आणि तेही एका सायकलीपायी.

गल्लीत एकच टीव्ही होता तेव्हाची गोष्ट. गुरुजींची शाळा पोखर्णीला. बायको शकुंतला इथं परभणीत नर्स. शनिवारी सकाळची शाळा, आणि त्या वेळेला जुळेल अशी एसटी नव्हती. जुन्या सायकलची फ्रेम मोडली आणि लागोपाठ दोन शनिवार उशीर झाला. तपासणीच्या साहेबांनी सांगून टाकलं, "तिसऱ्यांदा उशीर झाला तर पालमला बदली!"

म्हणजे नवरा पालमला, बायको परभणीत. शकुंतला माझ्याजवळ येऊन रडली. पुढच्या शनिवारच्या आत नवी सायकल घ्यायचीच, असं ठरलं.

पण कोणती? तिथून जो गोंधळ सुरू झाला!

*

चाँदभाईच्या दुकानात दोन सायकली. एक काळी, भक्कम, रुंद सीटची. दुसरी रेसर. बारीक टायर, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. मीही गेले होते. म्हटलं, गुरुजी भोळे, कुणीतरी बघणारं पाहिजे.

"गुरुजी, ये रेसर हवा को काटती! मुंडी नीचे, नजर सडक पे, बस, गोली!"

"आणि ती काळी?"

"वो आराम की है. सोफा समझो."

"मग चांगली कोणती?"

चाँदभाई म्हणाले, "दोनों अच्छी हैं, इसीलिए तो दुकान में रखी!"

शेवटी त्यांनीच दोन्ही सायकली चालवून बघायला दिल्या. माणूस दिलदार!

*

घरी आणल्यावर हलकी कोणती, यावरून गुरुजी आणि शकुंतलाची जुंपली. आमचे हे मोंढ्यात धान्य मोजणारे मापाडी. म्हणाले, "वजनावरून भांडता कशाला? काट्यावर चढवू!"

पहिली काळी चढवली. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता, सवयीप्रमाणं हे ओरडले, "लाभ!" वजन सांगितलं आणि वर म्हणाले, "बारदानाचा एक किलो वजा!"

"अहो काका, सायकलला कसलं पोतं?"

"मास्तर, पोत्याबिगर माल मी जन्मात मोजला न्हाई. वजा करणार म्हंजे करणार!"

रेसरच्या वेळी गुरुजींनी यांचा हातच धरला, म्हणून वजा झालं नाही. मग खरा फरक किती, हे दोघांनाही सांगता येईना. गुरुजी डोकं धरून बसले, "काका, आता हलकी कोणती समजायची?"

हे म्हणाले, "उचलून बघा की!"

*

राहिलं वारं. खळ्यावर धान्य उधळताना बघतात तसं बघायचं ठरलं. भल्या सकाळी पोखर्णीच्या रस्त्यावर यांनी मूठभर भुसा वर सोडला. सगळा आमच्याच तोंडावर! म्हणजे जाताना वारं समोरून.

गुरुजी खूष. "रेसरच घ्यावी. आणि येताना तर वारं पाठीमागून, फुकटात घरी!"

संध्याकाळी परतीच्या तोंडानं उभं राहून पुन्हा भुसा सोडला. पुन्हा तोंडावर!

"हे कसं काय, काका?"

"मास्तर, तुमच्या एकट्याचीच बदली व्हते व्हय? वाऱ्याचीबी व्हते!"

*

जाताना-येताना वारं समोरूनच, म्हणून रेसरच घेतली. पण तिचं सीट म्हणजे उभी धरलेली उलथनी. पहिल्या दिवशी फक्त स्टेशनपर्यंत जाऊन आले, तर गुरुजी रात्रीचं जेवण उभ्यानं जेवले. शकुंतला म्हणाली, "अहो, आम्ही इंजेक्शन देतो ते तरी एकाच बाजूला!"

मला राहवलं नाही. जुन्या लुगड्याची चार पदरी गादी शिवून सीटवर बांधली. गुरुजी बसले, सुखावले आणि लगेच उतरले. "काकू, हिचं वजन किती असेल?"



*

गादीचं वजन भरून काढायला मडगार्ड काढलं. मग स्टँड. मग घंटी. मी म्हटलं, "निदान मागचं कॅरिअर राहू द्या. वेळप्रसंगी कुणाला बसवायला लागतंय."

"काकू, वजन!"

कॅरिअर गेलं. मग डबा, खडूची पेटी, छत्री, हवेचा पंप असं सगळं एका पिशवीत घालून गुरुजींनी पाठीवर घेतलं.

शकुंतला म्हणाली, "सायकल हलकी झाली, तुम्ही जड झालात."

स्टँड नसल्यानं ती सायकल माझ्याच भिंतीला टेकून उभी. येणारा जाणारा मलाच विचारायचा, "वहिनी, चालवायला शिकायलात का?"

*

शनिवार उजाडला. गुरुजी निघाले ते मान खाली घालूनच. शकुंतला दारात, मी ओट्यावर. दुपार होईपर्यंत दोघी रस्त्याकडंच बघत बसलो.

दुपारी गुरुजी आले. हातपंपाखाली डोकं धरलं, मग सांगायला लागले. प्रार्थनेच्या आधी पोचले होते. प्रार्थना झाली, हजेरी झाली, पाढे झाले, तेव्हा कुठं तपासणीचे साहेब आले. कडब्याच्या बैलगाडीतून! केसात काड्या, बुटांवर माती. त्यांची जीप अर्ध्या रस्त्यात पंक्चर झालेली, स्टेपनीतही हवा नाही.

"वाघमारे, मी रस्त्यात उभा होतो. दोन्ही हात हलवले, हाका मारल्या. तुम्ही बघितलंसुद्धा नाही!"

"साहेब, मान खाली होती. वाऱ्यामुळं."

साहेब वर्गाबाहेर आले. भिंतीला टेकलेल्या रेसरभोवती एक चक्कर मारली. मागच्या चाकाकडं बराच वेळ बघितलं. मग शेऱ्याचं पुस्तक मागवून उभ्याउभ्याच लिहिलं.

तो शेरा गुरुजींनी चिठ्ठीवर उतरवून आणला होता. शकुंतलानं वाचला. यांनी वाचला. मी सातवी पास, मीही दोनदा वाचला.

'शिक्षक वेळेपूर्वी हजर. सायकलला कॅरिअर नाही.'