सोडायला शिकवणारा माणूस

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, गोदामांच्या राखणीसाठी कुत्रे तयार करायचे. डाव्या हातावर जाडजूड चामडी बाही चढवून ते आवारात उभे राहत आणि कुत्रं धावत येऊन त्या बाहीचा लचका तोडू बघे. अंगभर दातांच्या खुणा. "भावजी, तुमच्यातून चहा गाळता येईल," असं मी चिडवलं की पोट धरून हसायचे.

"चावायला काय, कुठलंही कुत्रं चावतं," ते म्हणत. "घाम निघतो तो सोडायला शिकवताना." 'सोड' या एका शब्दापायी ते महिनोन् महिने घालवत.

एकदा त्यांच्या सगळ्यात लाडक्या कुत्रीनं गोदामात शिरलेल्या चोराची मान धरली. चोर केव्हाच आडवा झाला होता, सुरा हातातून गळून पडला होता, तरी ती सोडेना. भावजी 'सोड, सोड' म्हणून बोंबलले, तिचा पट्टा आवळला, शेवटी लोखंडी गज उचलून तिच्या टाळक्यात घातला. चोर वाचला, कुत्री तिथंच तडफडून मेली. "चोरापायी घरचं जनावर मारलं!" असं त्यांचे थोरले भाऊ पुढं जन्मभर ऐकवत राहिले. मला हे थोरले कधीच आवडले नाहीत.

मग तापाची साथ आली आणि हा धट्टाकट्टा गडी आडवा झाला. हॉस्पिटलात त्यांनी तोंडावरचा मास्क ओरबाडून काढला, नर्सला भिंतीवर ढकललं, चादरीवर रक्त खोकले. चौघांनी धरून हात पलंगाला बांधले. श्वासागणिक बरगड्या कातडी फाडून बाहेर येतील असं वाटत होतं. मला तिथं उभं राहवेना.

डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेतलं. "विषाणूचा जोर आता ओसरलाय. पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती थांबायला तयार नाही. ती आता त्यांचीच फुप्फुसं फोडतेय. तिला दाबणारं औषध द्यायचंय. धोका आहे, दुसरा जंतू शिरला तर लढायला बळ कमी पडेल. पण थांबलो तर ते हाती लागायचे नाहीत. तुमची सही हवी."

भावजींचे थोरले भाऊ उसळलेच. "आजारी माणसाची उरलीसुरली ताकद मारता? सही करायची नाही!" त्यांनी ताईचं मनगट पिरगाळलं.

माझी ताई म्हणजे गरीब गाय. तिनं हात हिसडला आणि मोठ्या दिरांच्या कानाखाली अशी काढली की ते बाकावर कोलमडले.

"चोर केव्हाच आडवा झालाय!" ती किंचाळली. "आता चावतंय ते आपल्याच घरचं आहे. घाला गज, डॉक्टर!"

तिनं सही केली.

भावजी वाचले. फुप्फुसं मात्र पार करपली, श्वासासाठी घातलेल्या नळीनं घसा गेला, आवाजाची नुसती शीळ उरली. आता खुर्चीत बसून ते शिकवतात आणि बाही ताई चढवते.

परवा एका नव्या कुत्र्यानं बाहीच्या वर, ताईच्या उघड्या दंडात दात रुतवले. भावजी उठले, तोंड उघडलं, नुसती हवा आली. ताईच्या कोपरावरून रक्त ओघळत होतं. "सोड!" ती गरजली. कुत्र्यानं सोडलं आणि शेपूट घालून बसलं.

भावजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ढसाढसा रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"माझी ती कुत्रीही वाईट नव्हती गं," ते ताईला कुजबुजले. "तिला थांबता आलं नाही, एवढंच."