डोळ्यात उडालेला चुना

आईला उजव्या डोळ्याने दिसत नाही. मी चौथीत असताना ते घडलं. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात धाकट्या काकाचं लग्न होतं आणि घर पांढरं करायचं होतं. आईने अंगणात पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन त्यात चुनकळीचे खडे टाकले. खाली जाळ नाही, तरी पाणी खदखदायला लागलं. आम्ही मुलं गंमत बघत उभी. आई काठीने ढवळायला वाकली आणि उकळता चुना उसळून तिच्या तोंडावर आला.

"पानी द्या गो, पानी!" ती ओरडली.

मी तांब्या भरून धावले. शेजारची काकी, आईची चुलत जाऊ, मधे आली आणि तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"पानी नको! पान्यानं चुना आनखी उकलेल."

चुन्यावर पाणी पडलं की काय होतं, ते सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं. तिने आईच्या डोळ्यात घरचं तूप सोडलं, स्वतःचा पदर फाडून पट्टी बांधली आणि एसटीने तिला मुरबाडला नेलं. मीही सोबत होते. वाटभर आईचं डोकं काकीच्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी डोळा कितीतरी वेळ धुतला, पण नजर गेली ती गेलीच.

दहावीत सरांनी चंचुपात्रात चुनकळी टाकून तेच करून दाखवलं. चुनकळी, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, पाण्याशी जोडली जाते, नवं संयुग बनतं, उष्णता बाहेर पडते. जोडणी पुरी झाली की मग कितीही पाणी ओता, चुना तापत नाही. पण तो विरलेला चुनाही कातडी जाळतो. "डोळ्यात गेला तर लगेच पाणी ओतायचं, थांबायचं नाही," सर म्हणाले. पुढचं मला काही लिहिता आलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे पानी टाकला असता तर वाचला असता?"

"कदाचित."

तिने तांदळातला एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "काकीला कधी सांगू नको गो. तिला सहन व्हायचा नाय."

मी सांगितलं नाही. पुढे बीएड करून आमच्याच भागातल्या हायस्कूलला लागले. गेल्या वर्षी काकीची नात माझ्या वर्गात आली. तो धडा आला, तेव्हा मी थोडी अडखळले. पण चुना काय गावात अजून घरोघरी भिजवतात. मी सगळं शिकवलं, पाण्याचंही.

त्याच संध्याकाळी काकी दारात येऊन उभी राहिली.

"नात सांगत व्हती, पानीच टाकायचा असतो. खरा का?"

माझ्याने खोटं बोलवलं नाही. "हो, काकी."

"मंग मीच तुझा डोला घालवला," ती आईला म्हणाली.

आईने उठून तिला हाताला धरून ओटीवर बसवलं. "तवा कोनाला ठाव व्हता, बाय? पदर फाडलास तो तूच ना? दुसरी कोन आली व्हती माझ्यासंगं?"

काकी पदर तोंडाला लावून रडत राहिली. आईने तिला रडू दिलं, हात तेवढा सोडला नाही.