अडकित्ता घेतलेली देवी

गेल्या हिवाळ्यात आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आखातात, माहूजला आली, ती गालाच्या आत एक जखम घेऊनच. दुखत नव्हती, पण बरीही होत नव्हती. आयुष्यभर सुपारी खाल्लेली बाई. इथल्या डॉक्टरांनी जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि सुपारी आजपासून खलास म्हणून बजावलं. आईने मान डोलावली. सुपारी चालूच राहिली, जेवण मात्र सुटलं.

मी तिला हसवायचा सपाटा लावला. दुसरं काही येत नाही मला. रिपोर्टचा विषय निघाला की मी विनोद करायचो आणि ती उठून समोरच्या फ्लॅटमध्ये जायची. तिथे वसईच्या काकू राहतात. त्यांची घरातली बोली आईला निम्मीच कळायची, पण त्यांच्याकडे बसली की ती दोन घास खायची.

शुक्रवारी मी तिला आणायला गेलो. काकू आत चहा करत होत्या. भिंतीवर एक तसबीर होती : अंगात हिरवा झगा, डोक्यामागे सोनेरी वलय, हातात अडकित्ता आणि अडकित्त्यात सुपारी. एखाद्या गोष्टीतलं मला काही कळत नसलं की माझा आवाज फार भारदस्त होतो. म्हणालो, "बघ आई, यांच्यातही चालते. देवीच अडकित्ता घेऊन उभी आहे."

आई हसेल असं वाटलं होतं. तिने कमरेची चंची सोडली, एक अख्खी सुपारी काढून तसबिरीखाली ठेवली आणि हात जोडले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी त्यांनाही त्यांची देवी समजावून सांगितली. त्या हसत हसत खुर्चीतच बसल्या.

"अहो, पक्कड आहे ती. आणि तो दात आहे."

ती संत अपोलोनिया. दातदुखीवाले तिची मध्यस्थी मागतात. काकू नोकरीला इथे एकट्या आल्या तेव्हा अक्कलदाढेने हैराण होत्या, म्हणून त्यांच्या आईने ही तसबीर पाठवली. दर फेब्रुवारीत तिच्या सणाला त्या मेणबत्ती लावतात. फार पूर्वी, अलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांचा छळ चालला होता तेव्हा जमावाने तिला धरलं, तिचे सगळे दात पाडले, आग पेटवली आणि म्हणाले, श्रद्धा सोड नाहीतर जाळतो. तिने जरा हात सोडा म्हणून सांगितलं आणि स्वतःच आगीत गेली.

आई तसबिरीकडे बघत राहिली. "तरणीच होती की."

"चित्रात तशी काढतात. म्हातारी होती म्हणे. लग्न न केलेली."

"घाबरली नाही?"

काकूंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "तसं कुणी सांगत नाही. पण घाबरली असेल हो. माणूसच ना ती."

"मलापण भीती वाटते गं," आई म्हणाली.

हे तिने मला एकदाही सांगितलं नव्हतं. सांगायला मी जागाच ठेवली नव्हती. काकूंनी नुसता तिचा हात हातात घेतला. मी ती सुपारी उचलायला गेलो. दात पाडलेल्या बाईपुढे सुपारी, बरं दिसतं का?

"राहू दे," आई म्हणाली. "देवापुढे ठेवलेलं परत घेत नाहीत." मग तिने अख्खी चंचीच तिथे ठेवली. "तिला दात नाहीत. संपायची नाही."

रिपोर्ट सोमवारी आला. कॅन्सर नव्हता. मात्र दर तीन महिन्यांनी दाखवायचं आणि सुपारीला आयुष्यात हात लावायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाडीत बसल्यावर आई रडायला लागली. माझ्या जिभेवर एक विनोद आला होता. गिळला. न बोलता गाडी चालवायची सवय नसल्यामुळे माहूजचं वळण चुकलं आणि आम्ही पार पुढच्या सनद गावाला पोचलो. आईला कुठे काय कळणार, असं समजून मी गुपचूप गाडी वळवली.

"अजून एक चक्कर मारलीस तरी चालेल," ती डोळे पुसत म्हणाली. "मग मात्र काहीतरी खायला घाल."