गार्ड कोणी काढला?

ॲड. त्र्यंबक ओगले डोंबिवलीत राहतात आणि ठाण्याच्या कामगार न्यायालयात मालकांची बाजू मांडतात. मशीनवर हात गेला, शिडीवरून माणूस पडला, की भरपाईचा दावा होतो आणि मालक ओगल्यांकडे येतो. हे काम ते तीस वर्षं करत आहेत. त्यांचे अशील बहुतेक वागळे इस्टेटमधले छोटे गाळेवाले. दहापेक्षा कमी माणसं, त्यामुळे ईएसआयचा सरकारी विमा लागू नाही, आणि स्वतःचा विमा काढायचा राहून गेलेला.

विश्राम राणे त्यांपैकीच एक. पॉवर प्रेसवर पत्र्याचे तुकडे कापायचं त्याचं काम. त्याच्याकडे जगन नावाचा ऑपरेटर होता, दिव्याला राहणारा. दसरा-दिवाळीच्या मधे प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली आणि त्यानं दावा केला.

"द्यायचे झाले तर प्रेसच विकावा लागेल, सायेब," विश्राम म्हणाला.

"प्रेसला जाळीचा गार्ड होता?"

"होता की. पण दसऱ्याला उतरतो तो. मशीन धुवायची, हळदकुंकू लावायचं. जगन आदल्या दिवशी गार्ड काढून, सगळं चकाचक करून जायचा. पूजेला तो नसायचा, विहारात असायचा."

"परत कधी बसवता?"

"दिवाळीनंतर. गार्ड लावला की हात अडतो, माल निघत नाय. दसऱ्यानंतर आला तेव्हा विचारलेलं त्यानं, बसवू का म्हणून. मी म्हटलं, राहू दे रे, आधी ऑर्डर काढ."

ओगल्यांनी हे ऐकून घेतलं. अशिलानं वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही. कायदा असाही आहे, की सुरक्षेची वस्तू कामगारानं जाणूनबुजून काढली आणि त्यातून इजा झाली, तर मालक सुटू शकतो.

उलटतपासणीत ओगल्यांनी जगनला फार काही विचारलं नाही.

"गार्ड कोणी काढला?"

"मीच काढला साहेब. दरवर्षी मीच काढतो."

"तो कशासाठी असतो, माहीत होतं?"

"माहीत होतं. हात वाचावा म्हणून."

ओगले खाली बसले. आता पाळी जगनच्या वकिलाची, स्वानंदची. परत का बसवला नाही, एवढं त्यानं विचारलं असतं, तर जगननं तेही तितक्याच सरळपणे सांगितलं असतं. हे जगननं आधी त्याला सांगितलं नव्हतं, कारण इस्टेटमध्ये सगळीकडे तसंच चालतं आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं. आणखी विचारलं तर आणखी बिघडेल, अशी स्वानंदची समजूत झाली असावी. फेरतपासणी नाही, असं त्यानं सांगितलं. ओगल्यांनी पेनाला टोपण घालायला बराच वेळ घेतला. तोवर पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

"सर, त्यानं विचारायला हवं होतं ना?" त्यांची ज्युनियर ऋजुता बाहेर आल्यावर म्हणाली.

"हवं होतं."

"आपण..."

"आपण मालकाचे वकील आहोत, ऋजुता."

दावा फेटाळला गेला. निकालाच्या दिवशी विश्राम पेढे घेऊन आला. ओगल्यांनी पुडा ऋजुताकडे दिला. तिनं तो टेबलावर ठेवला, उघडला नाही.

कॉरिडॉरमध्ये जगन आणि त्याची बायको रमाबाई उभी होती. जगननं डाव्या हातानं नमस्कार केला.

"साहेब, मी खरंच बोललो ना?"

"हो."

"मग हरलो कसा?"

"तुमच्या वकिलांना विचारा."

"विचारलं," रमाबाई म्हणाली. "ते म्हणतात, यांनीच कबूल केलं. वरच्या कोर्टात जाता येईल का, तेपण विचारलं. ते बोलले, वर फक्त कायद्याचा मुद्दा बघतात. इथं जे सांगायचं राहिलं ते तिथं नाय सांगता येत. आमचं काय सांगायचं राहिलं, साहेब? तुम्ही तरी सांगा."

ओगल्यांनी फाईल काखेला मारली. मग तिनं नवऱ्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं आणि दोघं जिन्याकडे गेली.