फळेवाल्या बाई

पुरवठा कार्यालयातल्या त्या कारकून बाईंना सगळं गाव 'फळेवाल्या' म्हणायचं. नवख्याला वाटे, या फळं विकत असतील. बाई खळखळून हसायच्या. कार्यालयाच्या दारातल्या मोठ्या फळ्यावर साबण, तेल, साखर, मैदा यांचे सरकारी दर त्या रोज सकाळी खडूने लिहीत, म्हणून हे नाव. अक्षर मोत्यासारखं. शाळेतले मास्तर वाट वाकडी करून ते बघायला येत.

मग महागाईचं ते वर्ष आलं. भाव रोज चढू लागले, तसा वरून हुकूम सुटला: जुन्याच दराने विका, नाहीतर दुकानाला टाळं. लोकांनी फळ्यासमोर टाळ्या वाजवल्या. बाईंनाही वाटलं, जणू आपणच भाव उतरवले! पण त्या दरात साबणाच्या कारखान्याला कच्चा मालही परवडेना. तो बंद पडला. महिन्याभरात दुकानं रिकामी झाली. बाईंचे थोरले दीर दुकानदार. ते दुपारी चक्क मालाच्या फळीवर उशी घेऊन झोपायचे.

एका सकाळी शिवणकाम करणारी शेजारीण फळ्यापुढे थांबली. "बाई, दर झकास आहे हो. पण साबण मिळतो कुठे, तेही लिहा की!"

बाईंचा हात थबकला. मग त्यांनी साबणापुढे लिहिलं, 'मिळत नाही.' तेलापुढे लिहिलं, साखरेपुढेही. तासाभरात रस्ता माणसांनी भरला. साहेब धावत आले.

"पुसा आधी ते!"

"पुसते, साहेब. यातलं खोटं कोणतं तेवढं सांगा."

साहेबांचा हात नकळत गळ्याशी गेला. त्यांच्याच शर्टाची कॉलर आठवडाभर साबणावाचून काळी पडली होती.

संध्याकाळी बाईंची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. पण साहेबांनी फळ्यावरचा मजकूर जसाच्या तसा वर कळवला. इतर गावांतूनही तशीच पत्रं गेली असणार, कारण चार महिन्यांनी दरांची सक्ती उठली आणि गरजू घरांना सरकारने थेट मदत दिली. साबण महागला, पण मिळू लागला.

बाई मात्र पुन्हा फळ्याकडे गेल्या नाहीत. नात कधी विचारते, "आजी, सरकारचा राग नाही आला?"

"राग कसला गं! टाळ्या पडल्या तेव्हाही मीच लिहीत होते ना."

आणि मग बाई रोजच्या सकाळींच्या आठवणीत हरवतात. ओल्या फडक्याने पुसलेला फळा, त्याचा गार वास, रस्त्यावर अजून कुणी नाही. दुकानं उघडण्याआधीची ती पंधरा मिनिटं त्यांना पगाराहून प्यारी होती.