तिसऱ्या पेटीवरचं जातं

सकाळी साडेनऊला मी पडद्यामागे गेलो, तेव्हा तिसऱ्या पेटीवरचं जातं गळून खाली पडलं होतं. जातं म्हणजे जात्याचं चित्र छापलेला वीतभर कागद. तो मी उचलला, उलटून पाहिला आणि होता तिथेच परत ठेवला. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसलो.

मी काय केलं ते कळायला त्या वेळची मतदानाची पद्धत सांगायला हवी. देशातली ती पहिली निवडणूक. पुढे आली तशी सगळ्यांची नावं असलेली एकच मतपत्रिका तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी असे आणि तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली असे. मतदाराच्या हातात चिठ्ठी मिळे, तिच्यावर कुणाचंच नाव नसे. ती घेऊन पडद्यामागे जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. गावोगाव बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे सगळा भरवसा चित्रावर.

केंद्राध्यक्ष म्हणजे त्या मतदान केंद्रावरचा मुख्य. अधूनमधून आत जाऊन पेट्या ठीक आहेत ना, हे पाहणं त्याचं काम. निशाणी निघाली असेल तर मतदान थांबवायचं, उमेदवारांच्या एजंटांना आत बोलवायचं, त्यांच्यादेखत ती चिकटवायची आणि डायरीत वेळ लिहायची. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

केंद्राध्यक्ष मी होतो. एरवी कल्याणच्या एका हायस्कुलात मास्तर. केंद्र होतं कोपरच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावातल्या शाळेत. आणि तिसरी पेटी भास्करची होती.

भास्कर आणि मी एकाच वर्षी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालो. हॉस्टेलात आमची खोली एक. तर्कशास्त्र त्याच्या डोक्यात शिरत नसे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे अनुमान मी त्याला तीन दिवस घोकून शिकवलं होतं. परीक्षेत माझे गुण त्याच्यापेक्षा जास्त. पुढे मुंबईतल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञानाची एक जागा निघाली. दोघांनी अर्ज केले. जागा त्याला मिळाली आणि मी आठवीच्या पोरांना विभक्ती शिकवायला लागलो.

हे मी गिळलं असतं. पण तीन वर्षांनी त्याने ती नोकरी सोडली! ज्या खुर्चीसाठी मी एक हात तोडून दिला असता, ती त्याने जुन्या चपलेसारखी टाकली आणि एका लहानशा प्रांतिक पक्षात शिरला. रिकाम्या झालेल्या जागेसाठी मी पुन्हा अर्ज केला. प्रिन्सिपॉलांनी मला बसवून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही प्रोफेसर भास्करांचे मित्र ना? त्यांच्यासारखं बोलता येतं का?”

“शिकवता येतं,” मी म्हटलं.

जागा तिसऱ्यालाच मिळाली.

निवडणुकीच्या आधी डोंबिवलीत त्याची सभा होती. मी गेलो. मागे, एका दुकानाच्या फळीला टेकून उभा राहिलो. मिठागरातले, शेतातले लोक समोर जमिनीवर बसले होते. भास्कर म्हणाला, “आमच्या शास्त्रात सांगितलंय, धूर दिसला की तिथे अग्नी असतो. पण मी गावागावात काय बघतो? धूर तुमच्या घरात, डोळे तुमचे चुरचुरतात, आणि भाकरी भाजली जाते शेटच्या घरी. हे कुठलं शास्त्र?” लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझा धूर, माझा अग्नी, आणि टाळ्या त्याला.

मामलेदार कचेरीत नेमणुकीचा कागद घेताना साहेबांनी विचारलं होतं, “उमेदवारांपैकी कुणी नात्यातला?”

“नाही, साहेब.”

“मग करा सही.”

मित्राबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता जातं का पडलं, ते सांगतो. मिठाचा हंगाम होता. बायका पहाटेच मिठागरात उतरलेल्या. तिथून थेट, खाऱ्या पाण्याच्या हातापायांनीच मताला येत होत्या. जातं म्हणजे घरातला देव. लग्नाची हळद त्याच्यावर दळायची, त्याला सुपारी बांधायची. या बायका चिठ्ठी टाकायच्या, चित्राला हात लावायच्या आणि तो हात कपाळाला लावायच्या. भल्या पहाटे खळीने चिकटवलेला कागद शंभरेक ओल्या हातांनी सुटला. भास्करची निशाणी लोकांच्या प्रेमानेच पडली होती. हे लक्षात आल्यावर तर मला तो कागद परत चिकटवावासाच वाटेना. मला कुणी कधी असा हात लावला नव्हता.

खुर्चीत बसून मी स्वतःला सांगितलं, ही रांग होऊ दे, मग बघू. रांग झाली. दुसरी आली. तीही होऊ दे. शेजारी यादीवर खुणा करणारा क्लार्क साठे म्हणाला, “सर, आत चक्कर मारायची वेळ झाली का?” मी म्हटलं, “आत्ताच मारली ना?” घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं. मी विसरलो नव्हतो. प्रत्येक बाई पडद्यामागे जाताना मला तो कागद आठवत होता, आणि मी बसून होतो.

तेवढ्यात एक म्हातारी चिठ्ठी हातात तशीच घेऊन बाहेर आली.

“मास्तर, आतमंदी जातंच नाय,” ती मोठ्याने म्हणाली. “माजी चिठी कनच्या पेटीत टाकू?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भास्करचा एजंट हिराजी, गावातलाच शेतकरी, ताडकन उठला. मी मतदान थांबवलं आणि एजंटांना घेऊन आत गेलो.

तिसरी पेटी कोरी उभी होती. तिच्या झाकणावर चिठ्ठ्या ठेवलेल्या होत्या, एकावर एक नीट. वर एक सुपारी. आपली पेटी कुठली हे या बायकांना गावात शिकवलेलं होतं, डावीकडून तिसरी. पण चित्र दिसेना. आत टाकायचा धीर होईना आणि बाहेरच्या साहेबाला विचारायची लाज. म्हणून देवापुढे ठेवावी तशी वर ठेवून त्या निघून गेल्या होत्या.

मी मोजल्या. सात.

नियम स्पष्ट होता. पेटीबाहेर सापडलेली चिठ्ठी रद्द. हिराजी म्हणाला, “मास्तर, या आमच्याच हायेत. टाकू का आत?”

“नाही,” मी म्हटलं. “नियमात बसत नाही.”

नियमाचा एवढा कडक मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. टेबलाशी येऊन सातही चिठ्ठ्यांवर माझ्या हाताने ‘रद्द’ लिहिलं, पाकिटात घातल्या, लाख लावली.

“पन कागद कवापासून पडल्ता?” हिराजीने विचारलं.

“आत्ताच पडला असेल.”

त्याने सहीसाठी डायरी पुढे ओढली. मग म्हणाला, “तुमी बोलताव तर तसंच आसंल. भास्करभाऊ मना बोललाच होता, त्या बूथवर तुजी गरज नाय, तिथं माजा मास्तर हाय.” त्याने डायरीवर सही केली. मी वेळ लिहिली दहा-दहा. कागद चिकटवला. म्हातारीने आत जाऊन चिठ्ठी टाकली.

भास्कर निवडून आला. थोड्याथोडक्या नाही, हजारो मतांनी. त्या सात चिठ्ठ्या धरल्या काय न धरल्या काय, काडीचा फरक नव्हता. मामलेदार साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “तुमच्या केंद्राचे कागद सगळ्यांत चोख.” खरं सांगतो, त्या दिवशी मला लाज वाटली ती पापाची नव्हे. एवढं पाप करूनही त्याचं केसभर वाकडं झालं नाही, याची वाटली.

महिन्याभराने आमच्या शाळेत त्याचा सत्कार झाला. भाषणात त्याने माझं नाव घेतलं. “माझे गुरू या शाळेत आहेत,” म्हणाला, “तर्कशास्त्र मी त्यांच्याकडून शिकलो.” टाळ्या झाल्या. या वेळी मला. त्या मला स्वस्थ बसू देईनात. सत्कार संपल्यावर स्टाफरूममध्ये मी त्याला एकट्याला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. कागद उचलला होता, परत ठेवला होता, चाळीस मिनिटं. त्याने गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

“किती चिठ्ठ्या?”

“सात. तू हजारोंनी आलास, भास्कर. तसा काही फरक पडला नाही. तरी मला माफ कर.”

“मला फरक पडला नाही,” तो म्हणाला. “त्या सातजणी कोण होत्या?”

“मला काय माहीत?”

“मिठागरातलं काम टाकून आलेल्या. आजवर त्यांना कुणी कशाबद्दल विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं, आणि त्यांनी उत्तर दिलं. ते तू रद्द केलंस. माझं काय घेतलंस तू? काहीच नाही. मग मी माफी कुठून देऊ? ती माझ्याकडे नाहीच.”

“तक्रार करणार आहेस?”

“नाही. तुझी नोकरी जाईल, त्यांना त्याचा काय उपयोग?”

हार टेबलावर तसाच सोडून तो खाली गेला. गाडीपाशी लोक खोळंबले होते.

पुढच्या रविवारी मी त्या गावात गेलो. मिठागरात बायका डोक्यावर टोपल्या घेऊन रांगेने चालल्या होत्या. सगळ्यांचे पाय मिठाने पांढरे. सातजणी यांतल्या कुठल्या, ते कळायला मार्ग नव्हता. बांधावर हिराजी भेटला. मी त्या सातजणींबद्दल विचारलं, तेव्हा तो हसला, “आता कनाला इचारताव, मास्तर? भाऊ तर जिकला! त्यांना वाटतंय, आमच्याच चिठीनं जिकला.” मी त्यांना खरं सांगायला गेलो होतो. ते न सांगताच परत आलो.

त्यानंतर निवडणुकीची ड्यूटी आणखी तीनदा केली. दर अर्ध्या तासाने आत जाऊन येत असे. नवीन मास्तर विचारत, एवढं कशाला? मी एवढंच सांगे की हेवा करणाऱ्याला आपला वैरी तेवढा दिसतो, मध्ये उभं असलेलं माणूस दिसत नाही. त्यांना वाटे, सर तत्त्वज्ञान शिकलेत, म्हणून असं बोलतात. नीतिशास्त्रात मी वर्गात पहिला होतो, हे खरंच आहे. पण हे मला सुचलेलं नाही. हेसुद्धा भास्करचंच.